कोल्हापूरकरांना आवरा!

ऐकलंत का? परवा रात्री साडेअकराला आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर भांडण झालं. पाण्यावरून नाही, पार्किंगवरून नाही, गच्चीच्या किल्लीवरूनही नाही. फोनवर, आणि तेही सख्ख्या मेव्हण्याशी! आवाज असा की वॉचमन खुर्ची सोडून जिन्यात आला. मीही दार किलकिलं केलं. चौकसपणा नाही हो, काळजी. कानावर पडलं ते असं: "तुमच्या रविवार पेठेत त्या पोराला काय मिळणार हाय? बाकावर बसून वाळून जाईल!"

पोर म्हणजे कोण? पाटाकडील तालमीचा एक बचावपटू. दिलबहारवाले म्हणे त्याला गाठून आलेत. म्हणे निम्मी बोलणी झाली. म्हणे त्याच्या मामाच्या घरी दोनदा चहा झाला. महिना कुठला, तर जुलै. बाहेर धो धो पाऊस, कर्जतकडच्या गाड्या रखडलेल्या, पहिल्या सामन्याला अजून चार-पाच महिने. आणि इथे विठ्ठलवाडीत, कोल्हापूरपासून अख्ख्या रात्रीच्या प्रवासावर, निवृत्तीला टेकलेल्या एका सभ्य गृहस्थाचा रक्तदाब वाढतोय. कशासाठी, तर कोल्हापूरच्या एका पेठेतला मुलगा पलीकडच्या पेठेच्या जर्सीत दिसेल म्हणून. शोभतं का हे?

आमच्या मजल्यावर त्यांना सगळे कोल्हापूरकर भावजी म्हणतात. नोकरी डोंबिवली एमआयडीसीत, रेशनकार्ड इथलं, मतदान इथलं, मुलं उल्हासनगरच्या शाळेत शिकलेली. पण विचारा कुठले, तर उत्तर येतं, "मंगळवार पेठ." कोल्हापूरसुद्धा नाही, थेट पेठ! आणि वहिनी माहेरच्या रविवार पेठेतल्या. म्हणजे पाटाकडीलच्या घरात दिलबहारची मुलगी दिलेली. पत्रिका जुळली, गुण जुळले, पण तालीम कुणी विचारली नाही. आंतरजातीय विवाहाला शासन अनुदान देतं, या आंतरपेठीय विवाहांना कुणी वाली नाही. दोन्ही पेठा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण नोव्हेंबर ते मे त्यांच्यामध्ये सीमा असते.

ज्यांना हा प्रकार नवा आहे, त्यांच्यासाठी सांगते, तेवढं माहीत असलेलं बरं. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरला कुस्तीचं वेड लावलं, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी झाल्या. म्हणजे जोर-बैठका, लंगोट, लाल माती, खुराक. याच तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ काढले. म्हणून तिथल्या संघांची नावं ऐकली की नवख्याला वाटतं कुस्त्यांचं पत्रक वाचतोय: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम. जोडीला शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, जुना बुधवार, फुलेवाडी. वरिष्ठ गटात सोळा संघ. कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा, तोंडी नाव केएसए, आणि तिला छत्रपती घराण्याचा आश्रय. सामने शाहू स्टेडियमवर. आधी लीग, मग कुठल्या ना कुठल्या नेत्याच्या नावाचे चषक एकामागून एक, उन्हाळा संपेपर्यंत.

आता खरा धक्का ऐका. मोठा सामना दुपारी चारला असतो. चारला! वारही रविवारच असेल असं नाही. मंगळवार असू शकतो, गुरुवार असू शकतो. आणि गॅलऱ्या भरलेल्या! मी भावजींना सरळ विचारलं, "तुमच्या कोल्हापुरात दुपारी चारला कामाला कोण असतं हो?" ते म्हणाले, "पाहुणे." वर हसले नाहीतच. आमच्याकडे दुपारी चारला माणूस ऑफिसात जांभई देत सहा अकराची लोकल मनात धरतो. तिकडे दुकानाचं शटर अर्ध्यावर आणून "आत्ता आलो" म्हणून जो जातो, तो टायब्रेकर संपवूनच परततो.

हल्ली सामने यूट्यूबवर थेट दिसतात, त्यामुळे रोग पसरला. भावजी पूर्वी संध्याकाळी मेव्हण्याला फोन करून निकाल घ्यायचे. आता कंपनीत चारच्या चहाला त्यांची गैरहजेरी लागते. एकदा म्हणे मशीनच्या मागे उभे राहून त्यांनी "मार की!" असा आवाज दिला आणि सुपरवायझरला वाटलं कामगारांत मारामारी सुरू झाली. ही गोष्ट खुद्द वहिनींनी सांगितली, आणि सांगताना त्यांना लाज वाटत होती असं मला तरी वाटलं नाही.

पण मोसमात जे होतं ते एक वेळ समजू शकते. सामना आहे, गोल आहे, माणूस ओरडणारच. मला नवल वाटतं ते या मधल्या महिन्यांचं. पावसाळ्यात चेंडू हलत नाही, पण जिभा हलतात. खेळाडूंची नोंदणी तोंडावर आली की पळवापळवी सुरू. कोण कुठल्या तालमीतून कुठे चालला, कुणाला कुणी शब्द दिला, गोव्याहून कुणाला आणताहेत, केरळचा तो उंच मुलगा खरंच येणार का, नायजेरियाचा मागच्या वर्षीचा गडी परत येतोय की त्याच्या जागी दुसरा, परदेशी खेळाडू किती खेळवावेत. या शेवटच्या मुद्द्यावर तर असा खल, की संसदेला हेवा वाटावा. भावजींचं मत ठाम आहे: परदेशी नकोत, पेठेतली पोरं खेळली पाहिजेत. हे मत पाटाकडीलला चांगला परदेशी खेळाडू मिळेपर्यंतच ठाम असतं, हे वहिनींचं निरीक्षण.

२०१७ मध्ये नेमार बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला, बावीस कोटी वीस लाख युरोंना. जगभर बोंब झाली. भावजींनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "पैसा असला की कुणीही जातंय. आपल्याकडं पोरगं गेलं तर त्याच्या आईला बाजारात तोंड दाखवायची पंचाईत हुती." मी म्हणते, आहे का हो त्या पॅरिसवाल्यांना असं काही? तिकडे वकील लागतात, इकडे आई पुरते.

बरं, घरातली परिस्थिती काय? दोन मोबाइल, दोन ग्रुप. भावजींचा ग्रुप मंगळवार पेठेचा. वहिनी म्हणत होत्या, आपल्याला यातलं काही कळत नाही, आपण कुठल्या ग्रुपवर नाही. गेल्या आठवड्यात भाजी निवडता निवडता त्यांचा फोन वाजला, मी सहज नजर टाकली (काळजी, दुसरं काय) आणि समोर दिलबहारच्या नव्या प्रशिक्षकावर एकशे चौदा निरोप! मी बघतच राहिले. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका. ह्यांना वाटतं त्या पोराची बातमी दादानं फोडली." म्हणजे रात्री साडेअकराचा तो सगळा तमाशा, मेव्हण्यावरचा आळ, वॉचमनची धावपळ, या सगळ्याचं मूळ स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलं होतं!

आणखी एक. मागल्या मोसमात भावजींच्या भाचीचं लग्न होतं, अंबरनाथला. मुहूर्त दुपारचा, सगळं यथासांग. साडेतीन वाजता मुलीच्या बाजूचे पंधरा-वीस पुरुष एकदम दिसेनासे झाले. नवऱ्यामुलाच्या आत्याला वाटलं मानपानावरून रुसले. ती बिचारी साडी-चोळीचं ताट घेऊन समजूत काढायला निघाली, तर मंडळी हॉलच्या मागे जनरेटरच्या खोलीत, एका मोबाइलभोवती! अर्धे पाटाकडीलचे, अर्धे दिलबहारचे. आत्याबाई दारात ताट घेऊन उभ्या, आणि आतून कुणीतरी म्हणतंय, "ऑफसाइड हाय, ऑफसाइड!" जेवणाची शेवटची पंगत त्या दिवशी सहाला बसली. वर या लोकांचा युक्तिवाद काय, तर तारीख काढताना केएसएचं वेळापत्रक कुणी बघितलं नव्हतं. गुरुजींनी पंचांग बघितलं ही गुरुजींची चूक!

आपली विठ्ठलवाडी त्यातल्या त्यात एका बाबतीत दुष्ट आहे. महालक्ष्मी आणि कोयना, कोल्हापूरच्या या दोन्ही एक्स्प्रेस कल्याणहून कर्जतकडे वळतात आणि विठ्ठलवाडीच्या फलाटाला न विचारता निघून जातात. भावजींना गाडी पकडायची तर उलट कल्याणला जावं लागतं. मग रात्री गाडी आपल्याच घराजवळून धडधडत जाताना ते डब्याच्या दारातून आमच्या इमारतीकडे बघतात, असं वहिनी सांगतात. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती, आठवतं ना? हजाराच्या वर प्रवासी बाहेर काढावे लागले होते. त्या रात्री आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच: बरं झालं, जुलैत फुटबॉल नसतो, नाहीतर हे गाडीत असते.

आता तुम्हाला वाटेल, कोल्हापूरचे लोक असतातच तसे. अगदी हेच वाक्य आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे आगरी काका बोलले. मान हलवत म्हणाले, "येडी माणसं." या काकांचं काय सांगू! भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की कल्याणपासून पनवेलपर्यंत गावोगाव टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. शेतातच खेळपट्टी, मांडव, माइकवर कॉमेंट्री, रात्रीचे दिवे, मालिकावीराला बाइक, आणि आता खेळाडूंचा लिलावसुद्धा. काका रात्री दोनपर्यंत मोबाइलवर हे बघतात आणि सकाळी गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट मागतात. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची मोठी लीग झाली, अमिताभ बच्चन एका संघाचे मालक. तेव्हा काकांनी आठवडाभर आम्हाला हेच ऐकवलं की हा खेळ त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीच ओळखला होता. तेव्हा काका, तुम्ही तरी गप्प बसा.

एक गोष्ट मात्र मला खरंच सतावते, आणि त्यासाठी थोडी गंभीर होते. माझा पुतण्या कॉलेजकडून फुटबॉल खेळतो. इथलंच कॉलेज, नाव नको. चांगला खेळतो हो. विद्यापीठाच्या सामन्याला मी एकदा गेले. प्रेक्षक किती? जिमखान्याचे सर, पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा मुलगा, मी आणि दोन कुत्री. त्यातलं एक मध्यंतरानंतर निघून गेलं. त्याच मुलांच्या वयाची मुलं शाहू स्टेडियमवर उतरतात आणि गॅलरी त्यांना नावानं, टोपणनावानं, वडिलांच्या नावानं हाका मारते. खेळाचा दर्जा? सांगायचं तर फार फरक नसावा. मग फरक कशाचा?

भावजींना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या कॉलेजच्या पोरांचं गाव कुठलं?" मी म्हटलं, कुणी टिटवाळ्याचा, कुणी नेतिवलीचा, कुणी बदलापूरचा. "मग वरडणार कोण?" झालं त्यांचं विश्लेषण. पण नंतर मला ते पटत गेलं. कॉलेजात मुलगा तीन वर्षं असतो, पेठेत जन्मभर. आपल्याकडे पाहा. फाळणीनंतर सिंधी बांधव लष्कराच्या छावणीत आले, १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि अजून आपण पत्त्यात कॅम्प एक, कॅम्प चार, कॅम्प पाच लिहितो. इतकी वर्षं! पण कॅम्प चार विरुद्ध कॅम्प पाच असा सामना लावला तर रस्त्यावरची रिक्षा तरी थांबेल का? मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप होता. कूपरेजवर कलकत्त्याचे बडे संघ येऊन खेळायचे. नव्या शतकाच्या तोंडावर तो बंद पडला, आणि कुठल्या गल्लीनं त्यासाठी दुकान बंद ठेवलं? तो कप अख्ख्या मुंबईचा होता, म्हणून कुणाचाच नव्हता. पाटाकडीलचा संघ दोन-चार गल्ल्यांचा आहे, म्हणून तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत मशीनच्या मागेही जिवंत आहे.

आणि यांचं सगळं लक्ष पेठेवर असतं म्हणजे किती? २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दिल्लीत अमेरिकेविरुद्ध पहिला सामना, भावजींनी रजा टाकली, इमारतीत पेढे वाटले. भारत तीन-शून्यनं हरला, तरी पेढे परत मागितले नाहीत. पुढे अनिकेत जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असा देशभर खेळला. भावजींना अभिमान आहेच. पण आयएसएलचा सामना आणि शाहू स्टेडियमवरचा पाटाकडील-दिलबहार एकाच वेळी असला, तर टीव्हीवर काय लागतं हे मी तुम्हाला सांगायला नको. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिना आणि फ्रान्स तीन-तीनवर अडकले, पेनल्टीवर मेस्सीनं कप जिंकला, कोल्हापुरात फटाके, आमच्याकडेही सगळी इमारत जागी. आणि भावजी म्हणाले, "टायब्रेकर बरा झाला. आमच्याकडं याच्यापेक्षा ताण असतो." मी हात जोडले.

गंमत इथपर्यंत. पुढचं बोलताना मी आवाज खाली आणत नाही. या ईर्ष्येला एक घाणेरडी बाजू आहे आणि तिचं कौतुक मला जमत नाही. सामना संपल्यावर दगड, बाटल्या, गल्लीच्या तोंडाशी हाणामाऱ्या, पोलिसांचा लाठीमार, कुणाच्या तरी अंगणातल्या दुचाक्या आडव्या. काही मोसमांत हुल्लडबाजीनं स्पर्धा अध्येमध्ये थांबवाव्या लागल्या. कॉलेजात जाणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल होतात, मग नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ते कागद वर येतात. शिट्टी वाजल्यावर कुणी कुणाच्या आईचं नाव घेतलं म्हणून वीस वर्षांच्या मुलाचं आयुष्य अडकावं, एवढा मोठा कुठलाच चषक नाही. भावजी या विषयावर गप्प होतात. एकदाच म्हणाले, "आमच्या वेळी पण हुतंच." मी म्हटलं, भावजी, तेव्हा होतं म्हणून आज चालेल असं नाही. वहिनींनी पहिल्यांदाच माझी बाजू घेतली, म्हणजे पेठ विसरून.

बाकी सगळं खूळ मला मान्य आहे. जुलैतलं भांडण मान्य, जनरेटरची खोली मान्य, एकशे चौदा निरोप मान्य. ज्या देशात लोक दोन मिनिटांच्या रीलवर कंटाळतात, तिथे एक माणूस चार महिने एका बचावपटूची वाट बघतोय, ही मला तरी चैन वाटते. फुकटची चैन, आणि शेजाऱ्यांनाही तिचा वाटा मिळतो.

ताजी बातमी अशी. त्या बचावपटूच्या मामाकडचा चहा खरा होता, पण तो चहा दुसऱ्याच तालमीनं पाजला होता. पाटाकडील नाही, दिलबहार नाही, तिसरीच! भावजी आणि मेव्हणे काल रात्री पुन्हा दीड तास बोलले, या वेळी एका सुरात, त्या तिसऱ्या पेठेला शिव्या घालत. "दाजी, तुम्ही म्हणत हुता तेच बरोबर," असं मेव्हणे म्हणाल्याचं वहिनींकडून कळलं. एवढा जिव्हाळा त्या दोघांत दिवाळीच्या पाडव्यालाही दिसत नाही.

तेव्हा वाचकहो, विशेषतः कल्याण पूर्व, विठ्ठलवाडी, उल्हासनगर या पट्ट्यात राहणाऱ्यांनो, एक विनंती. तुमच्या इमारतीत कोणी कोल्हापूरचं असेल, तर दिवाळीनंतर लग्न, मुंज, वास्तुशांत, साखरपुडा, काहीही ठरवताना आधी त्यांच्याकडे जा, वेळापत्रक आलंय का विचारा, आणि त्यांची पेठ कुठली हे विचारून मगच तारीख छापायला द्या.